सावेबाईंची चांदमारी

माझ्या घराण्यात आजवर कुणी बंदूक धरलेली नाही. लहानपणी दिवाळीत टिकल्यांचं पिस्तूल मी हात लांब करून, मान फिरवून आणि डोळे मिटून उडवायचो, आणि तेही धाकट्या बहिणीने आधी दोन टिकल्या उडवून दाखवल्यावर. अशा माणसाला २०१४च्या जूनमध्ये आमच्या हेडमास्तरांनी ऑफिसात बोलावलं आणि सांगितलं, की शाळेत रायफल क्लब निघतोय, सावेबाई त्याच्या प्रमुख आणि पिंपळेसर, तुम्ही सहप्रमुख. मी कारण विचारलं. ते म्हणाले, तुम्ही विज्ञान शिकवता, गोळी कशी जाते ते तुम्हाला माहीत असणार. गोळी कशी जाते ते मला चांगलंच माहीत होतं, माझी अडचण तीच होती.

मी मूळचा संगमनेरचा. नोकरीच्या निमित्ताने घोलवडजवळच्या या शाळेत आलो आणि इथले चिकू खाऊन खाऊन अंगानेही साधारण चिकूच्याच आकाराचा झालो. सावेबाई मात्र इथल्याच. आमच्या शाळेच्या पी.टी.च्या बाई. पण पी.टी.च्या बाई म्हटल्यावर जे डोळ्यांपुढे येतं, त्यातलं त्यांच्यात काही नव्हतं. उंची बेताची, अंगकाठी किरकोळ, सुती साडी जराशी वर खोचलेली आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. गळ्यात शिट्टी असायची, पण ती वाजलेली मी कधी ऐकली नाही. दंगा चालला असेल तिथे त्या जाऊन नुसत्या उभ्या राहायच्या आणि दंगा आपोआप विरायचा. मी वर्गात डस्टर आपटून टेबलाचा एक कोपरा उडवला होता, तरी माझ्या तासाचा आवाज बाजारापर्यंत जायचा असं लोक सांगत.

कॉलेजात असताना बाई एन.सी.सी.त होत्या आणि तिथे त्यांना नेमबाजीचं वेड लागलं, एवढंच त्यांच्या पूर्वायुष्याबद्दल मला ठाऊक आहे. त्या स्वतःबद्दल बोलत नसत. घोलवडच्या जुन्या माणसांसारखं त्यांचं बोलणं मराठी, पण मध्येच गुजराती वळण घ्यायचं. आमच्या चार एअर रायफली वापीहून आल्या होत्या म्हणून त्यांच्याशी बाई शुद्ध गुजरातीत बोलायच्या. सराव संपला की जुन्या मलमलच्या फडक्याने एकेकीला पुसत, आज तिचं काय बिनसलं होतं याची चौकशी करत. मी एकदा चेष्टेने विचारलं, की उत्तर देतात का? बाई म्हणाल्या, "देतात ने. पण तुमच्यासमोर नाही देणार."

आमची रेंज म्हणजे चिकूचं पॅकिंग करायची एक जुनी शेड. वर पत्रे, खाली कोबा. ही शेड आमच्या संस्थेच्या एका ट्रस्टींच्या वाडीत होती. त्यांना सगळे काका म्हणत. काकांनी नवी शेड बांधली आणि जुनी आम्हाला वापरायला दिली. एका टोकाला टेबलं, दुसऱ्या टोकाला भुशाने भरलेल्या गोण्यांची रास आणि तिच्यासमोर लाकडी पट्टीला लावलेले टार्गेटचे कागद. टेबलांच्या पुढे आडवी एक सुंभाची दोरी. गावातले लोक या सगळ्याला सरळ चांदमारी म्हणायचे. पोलिसांची असते तीच, फक्त इथे पोलिसांच्या जागी आठवी-नववीची पोरं.

क्लब सुरू करण्याआधी पालकसभा घ्यावी लागली. रेल्वे क्वार्टर्समधल्या एका आईने विचारलं, की छर्रा डोळ्यात गेला तर जबाबदार कोण? पाड्यावरून आलेल्या एका बापाला वेगळीच काळजी होती. तो उठून म्हणाला, "बंदूक पोराच्या हातात बघून पोलीस नाय ना पकडणार?" हेडमास्तर रुमालाने कपाळ पुसायला लागले. ते स्वभावाने भले, पण त्यांना कुठल्याही प्रश्नाचा घाम फुटायचा. तेव्हा बाई उठल्या. रेंजवर मुलाला कसं उभं करणार, छर्रा कधी भरायला देणार, ते सगळं त्यांनी सावकाश समजावलं. आणि शेवटी म्हणाल्या, "रेंजवर कुणालाही, अगदी कुणालाही रक्त आलं, तर त्या दिवशी मी माझ्या हाताने कुलूप लावीन आणि किल्ली हेडमास्तरांना देईन."

सभा शांत झाली. सह्या मिळाल्या. बाहेर आल्यावर मी शहाणपणा केला. म्हटलं, बाई, एवढं पक्कं कशाला बोललात, थोडी फट ठेवायची ना. त्या म्हणाल्या, "फट ठेवली की पोर नेमकं तिथूनच बाहेर पडतं, सर."

पहिल्या दिवशी मुलं रायफली बघायला धावत आली तर टेबलावर स्टीलचे पेले. काठोकाठ पाण्याने भरलेले. प्रत्येकाने पेला उजव्या हाताने खांद्याइतका उचलायचा आणि पाणी न सांडता उभं राहायचं. त्या पावसाळ्यात मुलांनी दुसरं काही केलं नाही. रायफलीला हात लावायला मिळाला तो पार गणपती झाल्यावर. सहप्रमुख म्हणून मलाही पेला मिळाला. मुलांसमोर माघार कशी घेणार? मी उचलला, आणि पाणी आधी मनगटावर, मग कोपरावर, मग शर्टावरून थेट पँटवर उतरलं. त्या अवस्थेत मला पुढचा तास नववी ब वर घ्यायचा होता. तिथे काय काय अर्थ काढले गेले ते सांगत नाही. बाई एवढंच म्हणाल्या, की सर श्वास घेत नाहीत, भाता चालवतात.

रायफल हातात आल्यावर खरी गंमत झाली, आणि ती गंमत नव्हतीच. आमच्या वसतिगृहातली बरीचशी मुलं पाड्यांवरची. गलोलीवर हात बसलेला. नेम असा, की मी खडू टाकायच्या आत त्यांनी तो टिपला असता. गावातल्या मुलांना जे शिकवावं लागत होतं ते या मुलांच्या अंगातच होतं. पहिल्या मुलाने छर्रा सोडला, कागदाला भोक पडलं, आणि तो टेबलावर रायफल टाकून दोरीखालून सुसाट गोण्यांकडे पळाला. त्याच्यामागे दुसरा. शेजारच्या टेबलावर तिसऱ्याने अजून नेम धरलेला होता. गलोलीने पाखरू पडलं की पळायचं असतं, नाहीतर ते झुडपात जातं नाहीतर कुत्रं नेतं. पायांना तेवढंच माहीत. रायफल होती म्हणून पाय काही थांबले नाहीत.

बाईंनी तिसऱ्याच्या नळीवर हात ठेवला आणि ती खाली दाबली. ओरडल्या नाहीत. पण त्यांचा चेहरा पांढरा पडलेला मी तेव्हा पाहिला. मी त्या वेळी काय करत होतो? टेबलाखाली पडलेला छर्रा शोधत होतो, असं मी सगळ्यांना सांगतो.

दुसऱ्या दिवशी नवा नियम आला. छर्रा सुटला की हलायचं नाही. कागदाकडे बघायचंसुद्धा नाही. आधी स्वतःच्या तोंडाने सांगायचं, की आपली गोळी कुठे गेली. वर गेली, खाली गेली, डावीकडे झुकली, मध्यावर बसली. ते सांगून झालं की रायफल खाली, नळी पुढे, एक पाऊल मागे. सगळ्यांचं झालं की बाई म्हणणार "मोकळं", आणि मगच दोरी ओलांडायची. मुलांनी हा नियम पायांना वेसण म्हणून घेतला. बाईंनी मात्र तो हळूहळू सगळ्यालाच लावला. "आधी तोंडाने सांग, मग डोळ्याने बघ," हे त्यांचं पालुपद. गोळी चुकली तर चालायचं. चुकली आणि मध्यावर बसली म्हणून सांगितलं तर मात्र त्या दिवशी पुन्हा पेला.

गोळी सुटते त्या क्षणी मारणाऱ्याला आतून कळलेलं असतं, असं त्या म्हणायच्या. खांदा कुठे ढिला पडला, बोट कुठे घाई करून बसलं, सगळं कळतं, फक्त कबूल करायला जीभ वळत नाही. मला हे पटायचं नाही. मी पाचसहा वेळा प्रयत्न केला. माझी गोळी कुठे गेली ते मला आतून, बाहेरून, कुठूनच कळलं नाही, आणि कागदावरूनही कळलं नाही, कारण कागदावर ती आलीच नव्हती.

या विषयातली माझी लायकी २०१५च्या चैत्रात जाहीर झाली. डहाणूजवळच्या महालक्ष्मीच्या जत्रेला बायको आणि मुलीला घेऊन गेलो होतो. फुगे फोडायच्या स्टॉलसमोर मुलगी थांबली आणि म्हणाली, बाबा तर रायफल क्लबचे आहेत. बायकोनेही माझ्याकडे जरा निराळ्या नजरेने बघितलं. एवढ्यावर माणूस गप्प कसा बसेल? मी बाह्या सरसावल्या, पाय फाकवले, श्वासही रोखला. एकही फुगा फुटला नाही. शेवटच्या छऱ्याला फळीमागून कुणीतरी शिवी दिली. मागून ओळखीचा आवाज आला, "सर, गोळी कुठे गेली?" उसाच्या रसाचा ग्लास घेऊन सावेबाई उभ्या. मी डोंगराकडे बोट दाखवलं. बाई म्हणाल्या, की हे पहिल्यांदा बरोबर सांगितलंत.

मला वाटलं त्या देवीला आल्या असतील. पण बाई दुपारपासून त्या स्टॉलसमोरच उभ्या होत्या. पुढेही दर वर्षी जत्रेत त्या तिथे उभ्या राहायच्या आणि मुलं निवडायच्या. आणि फुगे किती फुटतात हे बघतच नव्हत्या. जत्रेतल्या बंदुकीची नळी कायम वाकडी असते, तिने काय कळणार? त्या बघत होत्या, की छर्रा संपल्यावर पोर बंदुकीचं काय करतं. बहुतेक पोरं ती खांद्यावर टाकतात, मित्राच्या पोटाला लावतात, नाहीतर स्टॉलवाल्याकडे रोखून हसतात. त्या दिवशी रानशेत गावची एक मुलगी आली. काटकुळी, दोन वेण्या, सोबत दोन लहान भावंडं. पहिले दोन छर्रे वाया गेले तशी ती थांबली, नळीकडे तिरकं बघितलं, आणि पुढचा नेम फुग्याच्या चांगला डावीकडे धरून तिने फुगा फोडला. मग बंदूक हलकेच फळीवर ठेवली, नळी फुग्यांकडे. बाईंनी रसाचा ग्लास माझ्या हातात दिला आणि तिच्यामागे गेल्या. मुलीचं नाव सविता. ती फक्त एवढंच म्हणाली, "नळी वाकडी हाय, बाय." जूनमध्ये ती आमच्या वसतिगृहात नववीला आली. अर्धा ग्लास रस उरला होता, तो माझ्या मुलीने प्यायला.

स्पर्धांमध्ये आम्ही काही फार दिवे लावले असं नाही. मोठ्या शाळांच्या मुलांकडे खास जाकिटं असायची, आमची पोरं शाळेच्या स्वेटरवर. एकदा विक्रमगडच्या बाजूला जिल्ह्याची स्पर्धा होती. आमचा एक मुलगा होता, अथर्व, डहाणूतल्या डॉक्टरांचा. गुबगुबीत आणि रडका, पण दोन वर्षांत छान तयार झाला होता. शेवटच्या फेरीत आमच्या संघाला पदक दिसायला लागलं. मी बाहेर नखं खात होतो. अथर्वने छर्रा सोडला, रायफल खाली ठेवली आणि हात वर केला. पंच आले. तो म्हणाला, "सर, माझी शेजारच्या कागदावर गेली." पंचांनी तोवर काही बघितलेलं नव्हतं. शेजारच्या पोराच्या कागदावर एक भोक जास्त होतं एवढंच, आणि ते त्या पोराचंच म्हणून खपलं असतं, अथर्वच्या दोन गोळ्या एकाच भोकातून गेल्या असं धरलं गेलं असतं. अथर्वची ती गोळी शून्यात गेली आणि पदक दुसऱ्या शाळेला मिळालं.

अथर्व रडत होता. मीही रडण्याच्या बेतात होतो, कारण शाळेच्या सूचनाफलकावर लावायला मी पदकाचा फोटो मनात काढून ठेवला होता. बाईंनी रायफली पेटीत भरल्या. परतताना जीप कासा नाक्यावर थांबली तेव्हा त्या खाली उतरल्या आणि गरम भजीचा मोठा पुडा घेऊन आल्या. पहिलं भजं अथर्वला. पदक मिळालं तेव्हा बाईंनी कधी भजी आणली नव्हती. जीपमध्ये मुलांना काय ते कळलं, आणि मला उशिरा कळलं, तोवर भजी संपली होती.

असं चालत आलं. दर वर्षी नवी पोरं, नवे पेले. कुणाच्या बोटाला कधी साधं खरचटलं नाही. २०१९च्या मे महिन्यात बाई निवृत्त होणार होत्या, आणि त्यांचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता, की आपल्यामागे रेंजचं काय. सहप्रमुखांच्या हाती ती द्यायचा विचार त्यांनी केला असेल असं मला वाटत नाही. सविता तेव्हा बारावीला होती, तिच्या हाताखाली दोन वर्षं तरी चालावी, मग ती स्वतः कुठेतरी पोचेल, मग तीच शिकवील, असं त्यांचं गणित. त्यासाठी रेंज पक्की व्हायला हवी होती. काका ती बांधून द्यायला तयार होते, पण त्यांना एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

२०१८च्या दिवाळीनंतर तलासरीकडची जमीन हलायला लागली होती. आज धक्का, परवा धक्का. तिकडची माणसं घराबाहेर तंबूत निजत होती. आमच्याकडे भांडी वाजायची, खिडक्या थरथरायच्या. सरकारी सूचनेप्रमाणे मी प्रत्येक वर्गात जाऊन भूकंपाबद्दल व्याख्यान दिलं. घाबरू नये, धावू नये, दाराशी गर्दी करू नये. फळ्यावर चित्रसुद्धा काढलं, त्यात एक शांत माणूस होता.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी काका आणि हेडमास्तर रेंज बघायला आले. सविता आणि आणखी तीन मुलं टेबलांपाशी. छर्रे भरून झाले होते, नेम धरले होते. बाई मुलांच्या मागे उभ्या. मी दाराजवळ काकांना छऱ्याचा वेग समजावून सांगत होतो. तेवढ्यात खालून गुरगुरल्यासारखा आवाज आला आणि वरचे पत्रे खडखडले.

पुढचं मला तुटक आठवतं. मी बाहेर चिकूच्या झाडाखाली होतो. मधे दारात एक रिकामं क्रेट होतं आणि माझा त्याच्याशी संबंध आला होता. माझ्यामागून काका बाहेर आले, त्यांच्यामागून हेडमास्तर. तिघंही झाडाला धरून उभे. मग मी शेडकडे बघितलं. दार सताड उघडं होतं, म्हणून सगळं दिसत होतं.

आत चार मुलं जागची हलली नव्हती. पत्रे वाजत होते. त्यांनी बोटं घोड्यावरून काढली, नळ्या पुढेच ठेवून रायफली टेबलावर टेकवल्या आणि एक पाऊल मागे येऊन उभी राहिली. बाई रोजच्याच आवाजात म्हणाल्या, बाहेर चला, ओळीने. चौघं ओळीने बाहेर आली, त्यांच्यामागून बाई. धावलं कुणी नाही. क्रेटसुद्धा येता येता एकाने उचलून बाजूला ठेवलं.

सविता बाईंसमोर येऊन थांबली. हात अंगालगत सरळ. म्हणाली, "बाई, माझी सुटली. हललं तेव्हा. कागदावर नाही, वर उजवीकडे, वाशात." जमीन हलत असताना सुटलेली गोळी, आणि मुलीने तिचा पत्ता सांगितला. नंतर बघितलं तर छर्रा वाशातच रुतलेला होता.

काका आत जाऊन तो वासा बघून आले. मग बाईंना म्हणाले, "बाई, आमची पिढी पळाली आणि ही पोरं उभी राहिली. पक्की रेंज करू. तुम्ही गेलात तरी चालू राहील, माझा शब्द." बाईंनी साडीच्या पदराने डोळे टिपले. त्यांना इतकं खुललेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मलाही इतका आनंद झाला की गुडघा दुखतोय हे विसरलो.

हेडमास्तरांनी घाम पुसला आणि रिवाज म्हणून विचारलं, की कुणाला लागलं वगैरे नाही ना? कुणाला नाही, असंच उत्तर त्यांना हवं होतं. मी तत्परतेने म्हणालो, "छे छे, कुणाला नाही." आणि रुमाल गुडघ्यावर धरला. पँट फाटली होती. रुमाल लाल होत होता.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग मुलांकडे. चौघंही माझ्या रुमालाकडे बघत होती. मी बाईंना डोळ्यांनी सांगितलं, सोडा हो, मी काय मूल आहे. त्या म्हणाल्या, "पिंपळेसरांना लागलंय. रक्त आलंय."

काका हसायलाच लागले. म्हणाले, अहो, सरांना लागलं ते माझ्या क्रेटमुळे, रायफलीने नाही, आणि भूकंप काय तुम्ही केलात? हेडमास्तरही म्हणाले, की राहू द्या. पाच वर्षांत पहिल्यांदाच ते कुठल्या गोष्टीला राहू द्या म्हणाले असतील. बाई शांतपणे म्हणाल्या, "कुणालाही म्हटलं होतं, सर. भूकंपाची सूट ठेवली नव्हती." त्या आत गेल्या, रायफली रिकाम्या केल्या, पुसल्या, पेटीत ठेवल्या. बाहेर येऊन कुलूप लावलं आणि किल्ली हेडमास्तरांच्या हातात दिली.

काकांचा शब्द तिथेच विरला. मला वाटतं त्यांना अपमान वाटला, देणारा समोर उभा असताना बाईंनी नाही म्हणावं याचा. त्या उन्हाळ्यात जुन्या शेडमध्ये पुन्हा क्रेट्स लागली. सविता बारावी झाली आणि वापीला कंपनीत लागली.

मी बाईंवर भयंकर चिडलो. इतका, की त्यांच्या घरी जाऊन भांडलो. म्हटलं, पाच वर्षांचं काम, एका बावळट माणसाच्या गुडघ्यासाठी? काय गरज होती? बाई चिकूच्या फोडी करत होत्या. एक बशी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाल्या, "पोरं बघत होती, सर." मी फोडी खाल्ल्या आणि परत आलो. रस्त्यात मला खूप रडू आलं, आणि गुडघ्यावरची खपली मी उगाचच काढली, त्याने पुन्हा रक्त आलं.

मे महिन्यात निरोप झाला. मी भाषण केलं, दोन विनोद केले, त्यातला एकही बसला नाही. बाई शाल-श्रीफळ घेऊन उठल्या, मुलांना नमस्कार केला आणि गेल्या. नंतर कुणी सांगितलं त्या घरीच असतात, कुणी सांगितलं तलासरीकडे जातात, तिकडच्या शाळांना मदत करतात. मी चौकशी केली नाही. मला त्यांच्यासमोर जायची हिंमत नव्हती.

नोव्हेंबरमध्ये तलासरीला शिक्षकांच्या प्रशिक्षणाला निघालो होतो. एसटीत खिडकीशी बसलो होतो. भात कापून झालेलं, शेतं मोकळी. एका पाड्याशी रस्त्यात गुरं आली म्हणून गाडी थांबली. रस्त्याकडेला शाळा होती, भिंतीला तडा गेलेली, आणि बाजूला भूकंपाच्या वेळचा तंबू अजूनही उभा. पलीकडच्या शेतात पोती अंथरलेली होती आणि त्यांवर सातआठ पोरं पालथी झोपलेली. प्रत्येकाच्या खांद्याला बांबूचा एक तुकडा. समोर बांधावर काटकीने टोचलेले कागद, त्यांवर कोळशाने काढलेले गोल. रायफल नाही, छर्रा नाही. पोरांच्या मागून पांढरे कॅनव्हासचे बूट घातलेल्या बाई हात पाठीशी बांधून सावकाश फिरत होत्या.

ड्रायव्हरने गुरांवर मोठ्याने हॉर्न वाजवला. एका पोरानेही मान वळवली नाही. मला फार बरं वाटलं, आणि माझी मलाच लाजही वाटली. मी खिडकीतून हाक मारायला तोंड उघडलं आणि मारली नाही.

ओळीतलं पहिलं पोर जरा थांबलं, श्वास धरला, मग बांबू खाली टेकवून काहीतरी बोललं. मग दुसरं. बाई प्रत्येकाजवळ वाकून ऐकत होत्या. त्या बांबूतून न सुटलेली गोळी कुठे गेली, ते पोरं एकेक करून त्यांना सांगत होती. तिसऱ्याचं बाईंना पटलं नाही. त्यांनी मान हलवली आणि त्याला पुन्हा नेम धरायला लावला.